टॉवरवरची बाळंतीण

"काळजी करू नका विहीणबाई, मी आ..." एवढं दौलतराव बोलले आणि फोन तुटला.

"मी आहे ना" हे वाक्य माणसानं अर्ध्यावर सोडू नये. पुरतं बोललं तर समोरच्याला धीर येतो, अर्ध्यावर तुटलं तर घाम फुटतो. तिकडे नाशकात सुषमाबाईंनी "मी आ" एवढंच ऐकलं आणि पुढे काहीच नाही. त्या सरळ धरून चालल्या की व्याही जिन्यावरून पडले.

दौलतराव पडले नव्हते. बदलापूरजवळ खरवईच्या आपल्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, अंगात स्वेटर आणि डोक्यात माकडटोपी घालून ते ठणठणीत उभे होते. फोनवरच्या रेंजच्या काड्या मात्र एकूण एक गेल्या होत्या. त्यांनी फोन हलवला, पुसला, खिडकीबाहेर धरला, बंद करून चालू केला आणि शेवटी बायकोचं लक्ष नाही असं बघून देव्हाऱ्यासमोरही धरला. काड्या आल्या नाहीत.

आता एरवी फोन बंद पडला तर दौलतरावांना आनंदच व्हायचा. पण दिवस नाजूक होते. मुलगी अक्षदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. पण सुषमाबाईंना रीतीपेक्षा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला दवाखाना जास्त प्यारा होता. डोहाळजेवणाच्या भर पंगतीत त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या त्या खरवईत आहे काय?" तेव्हा दौलतरावांनी हातातली जिलबी खाली ठेवून सांगितलं होतं, "सगळं आहे. दवाखाना आहे, रस्ता आहे, आणि मोबाइलचा टॉवर तर आमच्या गच्चीवरच आहे! एक फोन केला की गाडी दारात." पंगत हसली आणि अक्षदा माहेरी आली. म्हणजे पोरीचं माहेरपण त्या टॉवरच्या भरवशावर होतं.

टॉवर गच्चीवर होता हे खरं. तो दौलतरावांनीच आणला होता. अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना सोसायटीचं सेक्रेटरीपद मिळालं, म्हणजे दुसरं कुणी घेईना म्हणून त्यांच्या गळ्यात पडलं. तेव्हाच त्यांनी कंपनीशी करार करून टॉवर बसवून घेतला. खरवईच्या त्या कोपऱ्यात सगळ्या कंपन्यांचे अँटेना त्या एकाच टॉवरवर, आणि केबलवाल्याच्या इंटरनेटचा डबाही तिथेच. संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस असा वारा सुटला की वरची लोखंडी चौकट पकडीतून सुटून गर्रकन फिरली. अँटेनांनी सोसायटीकडे पाठ केली आणि तोंडं बारवीच्या डोंगराकडे केली. इंटरनेटचा डबा वायरीला लटकून दुधीभोपळ्यासारखा लोंबू लागला.

सगळ्यात आधी तळमजल्यावरचे आनंदा आले. हे तेच आनंदा, ज्यांनी टॉवरच्या किरणांनी डोकं दुखतं म्हणून दोन सभा उधळल्या होत्या.

"सेक्रेटरी, माझं डोकं दुखतंय."

"आता कशानं? किरणं तर बंद आहेत!"

"त्यानंच. इतकी वर्षं सवय झाली होती. काहीतरी करा."

टॉवरच्या कंपनीनं मुकेशला पाठवलं. मुकेश उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनचा सिंधी गडी. काकाचा जीन्स शिवायचा कारखाना सोडून हा टॉवरवर चढायला लागला होता, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे वरती काका नसतो. कमरेला पट्टा, डोक्यावर पिवळं हेल्मेट. दौलतरावांनी त्याला चहा पाजला, "अर्ध्या तासाचं काम आहे ना?" असं विचारलं आणि "बीस मिनिट, साईं" हे उत्तर ऐकून ते खुर्ची टाकून गच्चीवर बसले.

मुकेश निम्म्यावर गेला असेल नसेल, वरून एक तपकिरी घार तीरासारखी आली आणि तिनं हेल्मेटवर अशी चपराक मारली की हेल्मेट खाली, मुकेश पट्ट्याला लटकलेला आणि त्याच्या तोंडात झूलेलालचं नाव. घार परत फिरली. मुकेश ज्या वेगानं उतरला त्या वेगानं आजवर टॉवरवरून फक्त पाणी उतरलं असेल.

"साईं, ऊपर फॅमिली है," तो खाली बसत म्हणाला. "घोसला है, अंडे हैं. और पता है, घोसले में क्या लगाया है? जीन्स का कतरन! अपने कॅम्प तीन का माल! मैंने काका का कारखाना छोड़ा, और ये मॅडम वही माल लेके मेरे ऊपर बैठी है!"

"मग घरटं काढून टाक ना बाबा!"

"मैं क्यों निकालूँ? पंछी आपका."

दौलतरावांनी सुपरवायझरच्या आवाजात कंपनीला विचारायचं ठरवलं. त्यासाठी रेंज हवी, म्हणून ते रिक्षानं बदलापूर स्टेशनपर्यंत गेले. विहिणीला मात्र तिथून फोन केला नाही; मागे लोकलचा भोंगा ऐकून त्यांनी आधी टॉवरचंच विचारलं असतं. पलीकडचा साहेब नम्र होता. टॉवर आमचा, पण गच्ची तुमची. गच्चीवर येणाऱ्या-जाणाऱ्याची जबाबदारी तुमची. आणि करारात पक्ष्यांचा उल्लेख नाही, असं त्यानं तीन वेळा सांगितलं. दौलतरावांनी विचारलं, "उल्लेख नाही म्हणजे पक्षी चालतो की चालत नाही?" साहेब म्हणाला, "उल्लेख नाही म्हणजे उल्लेख नाही." जगातले निम्मे घोळ याच एका उत्तरानं झाले असावेत असं दौलतरावांना परतीच्या वाटेवर वाटलं.

घरी आले तर बांबू तयार होता. आनंदांनी कुठूनसा लांब बांबू पैदा केला होता आणि त्याच्या टोकाला आकडा बांधत होते. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची जिज्ञासा धावत गच्चीवर आली. ही पोरगी कॉलेजात शिकवायची आणि रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून पक्ष्यांच्या मागे बारवीच्या जंगलात फिरायची.

"काका, बांबू खाली ठेवा! घार कायद्यानं संरक्षित आहे. अंड्यांना, घरट्याला हात लावलात तर आत जाल."

"कोण आत जाईल?" आनंदांनी विचारलं.

"सोसायटीचा जबाबदार माणूस."

सगळ्यांनी दौलतरावांकडे बघितलं. आनंदांनी बांबू अलगद त्यांच्या हातात दिला.

मग दौलतराव वनखात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं विचारलं, "घरटं झाडावर आहे का?" नाही, टॉवरवर. "मग झाड तोडायची परवानगी लागणार नाही." पण मला झाड तोडायचंच नाही! "मग उत्तमच." त्यानं नगरपालिकेत जायला सांगितलं. नगरपालिकेत म्हणाले, आमच्याकडे कुत्र्यांचं खातं आहे, घारीचं नाही. ती कुत्र्याला चावली असेल तर या. अखेर एक वनरक्षक मोटारसायकलवर आला, गच्चीवर उभा राहिला, बराच वेळ वर बघितलं आणि म्हणाला, "छान आहे घरटं. पिल्लं उडेपर्यंत कुणी वर जायचं नाही."

"आणि पिल्लं कधी उडतील?"

"ते पिल्लांवर आहे, साहेब."

त्या रात्री जेवताना दौलतराव गरजले, "कायदा गेला उडत! माझ्या पोरीचं बाळंतपण तोंडावर आलंय, नि एका घारीसाठी..."

राजाबाई आयुष्यात नवऱ्याला मोडता घालायला मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. त्यांनी फक्त भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "अहो, तीही बाळंतीणच की. घरात आपली एक लेक बसलीय, आणि तुम्ही गच्चीवरची उठवायला निघालात? मग कुठल्या तोंडानं आपल्या पोरीची ओटी भरायची?"

अक्षदा पोटावर हात ठेवून हसली. "बाबा, आईचं बरोबर आहे. तिचंही पहिलंच असेल."

झालं. त्या दिवसापासून सोसायटीत घारीचं नाव कुणी घेईना. 'बाळंतीण' म्हणू लागले. "बाळंतीण उठली का?" "बाळंतिणीनं आज उंदीर आणला." आनंदांना मात्र नवा मार्ग सुचला. बाळंतिणीला खायला हवं. शेजारच्या बी विंगच्या गच्चीवर चिकनवाल्याकडची उरलेली पिसं-आतडी टाकायची, ती खाण्यात गुंतली की मुकेशनं गुपचूप वर जाऊन चौकट फिरवायची. घारीला धक्का नाही, कायद्याला धक्का नाही. दौलतरावांना हे पटलं. पुढे आयुष्यभर त्यांना या गोष्टीचं आश्चर्य वाटत राहिलं.

पहिल्याच दिवशी बाळंतीण जागची हलली नाही. पण बाकी बदलापुरातल्या झाडून सगळ्या घारी जेवायला आल्या. कुणाचे वाळत घातलेले बोंबील गेले, कुणाच्या सांडग्यांचा चट्टामट्टा झाला, तळमजल्यावरच्या एका बाईंच्या हातातली माशांची पिशवीच वर गेली. मुकेशनं या वेळी हेल्मेटवर भरवसा न ठेवता राजाबाईंचं भाताचं पातेलं डोक्यावर घातलं आणि सुतळीनं हनुवटीखाली बांधलं. तो टॉवरच्या पायाशी पोचला आणि बाळंतिणीच्या नवऱ्यानं पातेल्यावर अशी झडप घातली की 'टण्ण' असा आवाज थेट रस्त्यावर ऐकू आला. पातेलं गडगडत जिन्यानं तळमजल्यापर्यंत उतरलं. त्याला पडलेला खळगा राजाबाईंनी तीन वेळा निरखून बघितला आणि पातेलं मुकेशलाच देऊन टाकलं.

मुकेश वाचावा म्हणून दौलतराव हात हलवत पुढे धावले. दुसऱ्याच क्षणी त्यांच्या डोक्याला गार वारा लागला. माकडटोपी गेली होती! नारंगी आणि पोपटी पट्ट्यांची ती टोपी सुषमाबाईंनी दिवाळसणाला स्वतःच्या हातानं विणून व्याह्यांना दिली होती. आता ती आकाशात उडत होती, आणि थोड्या वेळानं टॉवरच्या टोकावर, निळ्या जीन्सच्या चिंध्यांमध्ये नारंगी-पोपटी रंगाची भर पडली.

"मॅडम को डिझाइन पसंद आया," मुकेश म्हणाला.

अशा वेळी जिवली दारात आली. डोंगरावरच्या वाडीतून ती रोज भाजी घेऊन यायची. रानकेळीचं फूल सोलता सोलता तिनं सगळी कहाणी ऐकली आणि म्हणाली, "बाबा, आमचे वाडीत तं आता फुल रेंज हाय! आमचा देऊ सांजचा बसून कामाला गेलेल्या पोरांशी बोलतो. आधी डोंगराच्या टोकावर जावा लागत व्हता. देवानंच दिली."

देवानं कसली, दौलतरावांच्या टॉवरनं दिली होती. ते दुसऱ्या दिवशी स्कूटरवर बसून वाडीत गेले. देऊनं अंगणात खाट टाकली, पाणी दिलं, "इथं बसा, इथं पाच काड्या येतात," असं जागा दाखवून सांगितलं, आणि सगळी वाडी दौलतराव विहिणीशी कसं बोलतात ते ऐकायला जमली. फोन लागला. सुषमाबाई व्हिडिओवर आल्या.

"व्याही! अहो, त्या दिवशी 'मी आ' म्हणून गेलात कुठे? पडला नाहीत ना?"

"छे! जरा तांत्रिक अडचण. सगळं ठीक आहे. अक्षदा मजेत."

"आणि डोक्याला टोपी का नाही? एवढी थंडी!"

"ती... धुवायला टाकलीय."

एवढ्यात एक कोंबडी खाटेवर चढली आणि दौलतरावांच्या मांडीवरून पलीकडे गेली. मागून देऊच्या आईनं चुलीत फुंकर मारली, धूर झाला, आणि जिवलीनं "हाड!" म्हणून बकरीला हाकललं. सुषमाबाईंचा चेहरा पडद्यावर मोठा होत गेला.

"हे कुठे आहात तुम्ही? जंगलात? माझी सून जंगलात ठेवलीय?"

"अहो नाही, ती घरी आहे, मी फक्त फोन करायला डोंगरावर..."

"फोन करायला डोंगरावर! आणि पोरीला कळा आल्या तर डोंगरावर चढून गाडी बोलावणार? मी येत्या रविवारी येते. अक्षदाला नाशकाला घेऊन जाते. समर्थ सुट्टी काढून येतोय, तो गाडी चालवेल." समर्थ म्हणजे जावई. 

फोन ठेवल्यावर वाडी हळूहळू पांगली. देऊनं हळूच विचारलं, "चहा टाकू?" दौलतरावांनी मान हलवली. कपाच्या तळापर्यंत त्यांना दिसत होतं ते एवढंच, की भर पंगतीत खाली ठेवलेली ती जिलबी आता सुषमाबाई उचलणार.

रविवारी सुषमाबाई आल्या. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, चेहऱ्यावर निकाल. त्यांनी अक्षदाला बघितलं, पाठीवरून हात फिरवला, आणि राजाबाईंनी केलेली खोली, बाज, शेगडी, ओव्याची धुरी हे सगळं नीट तपासून त्यात काही खोट सापडली नाही म्हणून जरा नाराज झाल्या. मग म्हणाल्या, "तो टॉवर दाखवा मला."

गच्चीवर त्या दिवशी मुकेश होताच. बाळंतीण आपणहून हलते का ते बघायला तो आता दर रविवारी यायचा. कामासाठी कमी आणि राजाबाईंच्या पोह्यांसाठी जास्त. जिज्ञासा दुर्बीण लावून उभी होती.

"हालतंय काहीतरी! पिल्लं आलीत! दोन! पांढरी शुभ्र!"

"बघू," म्हणून सुषमाबाईंनी दुर्बीण हातात घेतली. दौलतरावांनी अडवायला हात पुढे केला, पण तो पोचेपर्यंत उशीर झाला होता.

सुषमाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग दुर्बीण न काढता शांतपणे विचारलं, "व्याही, धुवायला टाकलेली टोपी वाळली का?"

"विहीणबाई, ती... तिनं..."

"माझी टोपी आहे ती. ती कडेची उलटी वीण दुसरं कुणी घालतच नाही." त्यांचा आवाज थोडा बदलला होता. "पिल्लं त्यातच बसलीत हो. एकाचं डोकं तोंडाच्या भोकातून बाहेर आलंय." 

पुढे काय होणार हे कुणालाच कळेना. आणि खालून राजाबाईंची हाक आली. राजाबाई आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं ओरडल्या होत्या.

अक्षदाला कळा सुरू झाल्या होत्या. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण हे पोटातल्या बाळाला कोण सांगणार? समर्थ गाडी घेऊन पेट्रोल भरायला गेला होता आणि त्याला फोन करणार कसा? दौलतराव फोन काढून त्याच्याकडे बघत उभे राहिले. आनंदांनी आरामखुर्ची उचलून आणली, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. मुकेश मात्र पायऱ्या दोन-दोन उतरत खाली गेला आणि कंपनीची व्हॅन थेट जिन्याला लावली.

"बैठो दीदी, बैठो! ए काका, वो रस्सी उधर फेंको!"

व्हॅनमध्ये मागे शिडी, दोरखंड, लोखंडी साखळ्या आणि ते खळगा पडलेलं पातेलं होतं. मध्ये अक्षदा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासू, आणि पुढे मुकेशच्या शेजारी दौलतराव. खड्डा आला की मागे पातेलं वाजायचं आणि सुषमाबाई म्हणायच्या, "हळू रे बाबा!" आणि लगेच, "अरे, जरा पटकन!" मुकेश दोन्ही हुकूम एकदम पाळत होता. 

दवाखान्यात अक्षदाला आत नेलं. तिथे रेंज होती. दौलतरावांनी समर्थला फोन लावला, आणि तो लागला तेव्हा त्यांना काय बोलायचं तेच आठवेना. शेवटी सुषमाबाईंनी फोन हातातून घेतला.

ऊन कललं तेव्हा नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. दोघीही सुखरूप होत्या. दौलतराव बाकावर बसले, आणि इतके दिवस छातीत अडकून राहिलेला श्वास त्यांनी असा सोडला की शेजारच्या माणसानं पंखा लागला का म्हणून वर बघितलं.

सुषमाबाई शेजारी येऊन बसल्या.

"मी तिला न्यायला आले होते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"तुम्ही त्या घारीला का नाही उठवलंत? एवढी अडचण होती तर?"

दौलतरावांना 'कायदा' असं सांगून मोठेपणा घेता आला असता. पण ते दमले होते. "आमच्या हिनं उठवू दिलं नाही. म्हणाली, एक बाळंतीण उठवून दुसरीचं माहेरपण होत नाही."

सुषमाबाईंनी पदरानं डोळे टिपले, लगेच आवाज कडक केला. "मग मी तरी कशी हलवू? सव्वा महिना राहू दे पोर इथंच. पण डोंगरावर चढून फोन करायचा नाही. दवाखान्यापाशी येऊन रोज करायचा. टोपी घालून."

"टोपी तर..."

"दुसरी विणते," म्हणत त्यांनी पिशवीतून लोकर काढली. ती लोकर त्यांनी नातवंडासाठी आणली होती, हे दौलतरावांना नंतर कळलं. त्यामुळे बाळाची टोपी आणि आजोबांची टोपी एकाच रंगाची झाली. फिक्कट गुलाबी. दौलतराव ती बाहेर घालत नसत.

पाडवा झाला तसं एक पिल्लू उडालं, मग दुसरं. बाळंतीणही सव्वा महिन्याहून जास्त राहून गेली. घारीचा हिशेब निराळा असतो, आणि तिच्या नादानं अक्षदाही आणखी थोडे दिवस राहिली होती. वनरक्षकानं येऊन बघितलं, मान हलवली, आणि मुकेश चौकट फिरवायला वर चढला. पातेलं त्यानं आताही डोक्यावर घातलंच होतं. खाली सगळी सोसायटी जमली होती, आणि भाजीची पाटी बाजूला ठेवून जिवलीही उभी होती.

"बाबा," ती दौलतरावांना म्हणाली, "आता ही तोंडं तुमचेकडं वळली, तं आमची रेंज जाल ना?"

दौलतरावांना देऊची खाट आठवली, ती पाच काड्यांची जागा आठवली. त्यांनी मान वर केली. "मुकेश! सगळे इकडे नको वळवू! एक राहू दे डोंगराकडे!"

"साईं, करार में सोसायटी लिखा है!"

"वाडीचा उल्लेख आहे का करारात?"

मुकेशनं वरून थोडा विचार केला. "नहीं है."

"उल्लेख नाही म्हणजे उल्लेख नाही! राहू दे!"

एक अँटेना डोंगराकडे राहिला. बाकीचे वळले. पहिल्यांदा आनंदांच्या फोनवर काड्या आल्या आणि त्यांनी लगेच कपाळ धरलं, "सुरू झाली किरणं." आणि दौलतरावांचा फोन वाजला. नाशिक.

"व्याही, लागला बाई एकदाचा! बाळ कसंय? आणि त्या दिवशी तुमचं वाक्य अर्धं राहिलं होतं हो. 'काळजी करू नका, मी आ...' पुढे काय?"

दौलतरावांनी गच्चीवरून नजर फिरवली. पातेलं घालून उतरणारा मुकेश, दुर्बीण पुसणारी जिज्ञासा, पाटी डोक्यावर घेऊन निघालेली जिवली, आणि खालच्या खोलीतून येणारं बाळाचं रडणं.

"ते वाक्य जरा चुकलंच होतं, विहीणबाई," ते म्हणाले. "मी एकटा नव्हतो. काळजी करू नका, इथं सगळे आहेत."

"बरं. आणि माझी पहिली टोपी? घरटं रिकामं झालं ना आता? काढून घ्या."

दौलतरावांनी वर बघितलं. निळ्या चिंध्यांमधून नारंगी-पोपटी पट्टा वाऱ्यावर हलत होता.

"नको," ते म्हणाले. "जिज्ञासा म्हणते, घार पुढच्या वर्षी त्याच घरट्यात येते. माहेर आहे तिचं."